वजनासकट

मत्रहच्या मासळीबाजारात माझं काम काट्यावर.
पहाटे खलफान हात उंचावून कनद पुकारतो
(आपली सुरमईच ती, इथे येऊन नाव बदललेली):
दोन रियाल, अडीच, पावणेतीन,
भोवती नुसते बघे.
टोपली जागची हलत नाही,
माझा काटा शून्यावर.
तो भाव नव्हे, घसा.

एवढं कळायला मला सहा वर्षं लागली.
दापोलीच्या अश्फाक मुकादमला दोन रात्री पुरल्या.
खोलीवर, वरच्या पलंगावरून त्याने फोन खाली धरला.
“हिरव्या-तांबड्या काड्यांच्या पायाशी
हे ठोकळे उभे आहेत ना, त्या तुझ्या टोपल्या.
वरचं सगळं ओरडणं.
आणि ही पिवळी रेघ व्हीवॅप.
एक मासा ज्या भावाने गेला, तो भाव एकदाच मोजायचा,
चाळीस टोपल्या ज्या भावाने गेल्या, तो चाळीसदा.
नुसती सरासरी फसवते. ही वजनासकट.”

पावणेआठला इथे ऊन कोर्निशवर चढतं,
तिकडे सव्वानऊ होतात, बाजार उघडतो.
परदेशातल्याने आज घेऊन आजच विकायचं नाही, असा नियम.
म्हणून मी वजनाच्या वहीत मागून लिहितो,
पेन्सिलीने.
पैसा नाही, पण छातीत धडधड खरी.

आज एका सिमेंटवाल्याचा शेअर
चारशे बाराला उघडला आणि घसरत गेला.
चारशे चार. ठोकळा उंच, घाबरलेल्यांचा.
जरा उसळला, पुन्हा खाली,
चारशे तीन.
तळ नवा, पण ठोकळा निम्मा.
पडतोय अजून, ढकलणारे मात्र पांगलेत.

मधेच एक चकचकीत मोठा ठोकळा दिसला,
मी पेन्सिल उचलली.
खवला होता. काचेला चिकटलेला.
नखाने काढला, पँटला पुसला.

थांबायचं. अश्फाकचं पालुपद:
तळ ओळखणारे पुष्कळ, तळाशी बुडणारेही तेच.
भावाला पिवळी रेघ ओलांडू दे,
आणि ओलांडताना हातात टोपल्या असू देत.
नऊ वाजून दहा मिनिटांनी ओलांडली.
ठोकळा सकाळपासूनचा सर्वात उंच.
वहीत लिहिलं: चारशे सातला, पंचवीस.
दुपारी खोडलं: चारशे पंधराला.
दोनशे रुपये, कागदावरचे.

काल हेच सगळं असंच दिसलं होतं
आणि साडेतीनशे गेले होते, तेही कागदावरचेच.
काटा सांगतो किती.
कोणी, का, ते काट्याला माहीत नसतं.

रात्री गुहागरहून फोन येतो.
पहिल्या वर्षी मुग्धा दिवसातून तीनदा विचारायची,
बाबा, कधी येणार?
मग रविवारी एकदा.
मग आजीने आठवण केली की.
ह्या महिन्यात एकदाही नाही.
प्रश्न तोच होता, आवाजही चढा नव्हता कधी,
टोपल्या तेवढ्या कमी होत गेल्या.

हे वळण आहे, की नुसतं विकणारे संपलेत?
विचारायला वर पाहिलं.
अश्फाक रुवीतल्या रात्रपाळीला निघून गेला होता,
पलंगावर त्याचा चार्जर लोंबत होता.
वही उघडली.
पेन्सिलीला टोक नव्हतं.