मनाई

सहा घरांनी नाही म्हटल्यावर
ती माझ्या गेटाशी उभी राहिली, मार्चअखेर, दुपारचे दोन,
डोक्यावर ओढणी, हातात कॉलेजचं पत्र.
मी मशीन थांबवली, आधी पाणी दिलं, मग नाव विचारलं.
म्वानाइदी, म्हणाली.
मी तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा वेगळंच आलं.
आठ दिवसांत मानेवाड्याच्या आमच्या गल्लीनं ते सोपं करून टाकलं:
मनाई.

गाव टांगा.
मी म्हटलं, टांगा? घोड्याचा?
तिनं मोबाइल पुढे केला. बंदर, उलट्या निजवलेल्या होड्या,
आणि इतकं ऊन, की फोटोतही डोळे बारीक करावे लागले.

पोलिसांचा फॉर्म मीच भरला. घरमालकाची सही.
येण्याचा हेतू: बी. फार्म.
नागपूरच काऊन, असा रकाना नव्हता,
तो मी तोंडी विचारला.
फी परवडली, म्हणाली. शिवाय नकाशात मधोमध दिसलं,
मधोमध म्हणजे सगळंच जवळ असेल, असं वाटलं.

पहिल्या रविवारी विचारलंच तिनं: मावशी, समुद्र कोणत्या बाजूला?
सगळ्याच बाजूंना, बाप्पा. सारखाच लांब.
झिरो माइलला नेलं. खांबाजवळचे घोडे पाहून
मी म्हटलं, घोडे आमच्याकडे राहिले, टांगा तुमच्याकडे गेला.
समजावून सांगावं लागलं. मग बसमध्ये एकटीच हसत राहिली.
फुटाळ्याला नेलं, तर बोट बुडवून जिभेला लावलं.
अगं, घाण असते!
गोड आहे, म्हणाली,
मिठाचा डबा रिकामा निघावा तशा तोंडानं.

उन्हाची तिला सवय होती. तरी मे महिना बघून घाबरली.
आमचं ऊन पाण्यावरून येतं, म्हणाली, हातपाय धुऊन.
तुमचं चपला न काढता घरात शिरतं.
मी वरच्या खोलीला कुलर लावला, वाळ्याच्या नव्या ताट्या,
आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, मिट डोळे, हा घे तुझा समुद्र.
मिटले तिनं. बराच वेळ ऐकलं.
नाही, मावशी.
समुद्र दोन लाटांच्या मधे गप्प बसतो.
हा माझ्या आत्यासारखा आहे,
श्वास न घेता बोलून राहिला.

बाराखडी मी शिकवली, कापडावर खडूनं.
जोडाक्षरं राहिली होती, म्हणून
गल्लीच्या तोंडाशी, लेलेंच्या भिंतीवर
'येथे गाडी लावण्यास मनाई आहे'
यातलं अवघड तेवढं गाळून
तिनं बोट ठेवत वाचलं: ये थे… म ना ई… आ हे.
मावशी! माझं नाव!
त्या सहा घरांतलं एक लेलेंचं.
मी म्हटलं, हो. आहे ना.
अर्थ तिला कॉलेजात कोणीतरी सांगितलाच असणार,
कारण जूनपासून ती सायकल तिथेच लावते,
बरोब्बर त्या अक्षरांखाली.
लेले काही बोलत नाहीत.

परवा तिनं काळा कुर्ता दिला, बाही उसवली म्हणून.
पाठीवर पांढरी वेडीवाकडी रेघ, घाम वाळलेली.
मी म्हटलं, धुऊन तरी द्यायचा.
ती बोट फिरवत म्हणाली, आमच्याकडे भरती ओसरली
की वाळूवर अशीच रेघ राहते. इथवर आलं होतं पाणी, हे सांगायला.
आणि प्रॅक्टिकलला पळाली.

मी चौपन्न वर्षांची. बहिणीकडे अमरावती, सासरकडून भंडारा,
एकदा शेगाव. समुद्र पाहिलेला नाही.
दार लोटलं होतं. गल्लीत कोणी नव्हतं.
कुर्ता उचलून मी त्या रेघेला
जिभेचं टोक लावलं.

मग बाही शिवली. तोंड धुतलं.
साडेपाचला फॉल-पिकोवाल्या बाई येणार होत्या.