नाव

परवापर्यंत एलिया आमचे बॉल आणायचा,
वालदेवीच्या बाभळीत शिरून,
पोटऱ्यांवर ओरखडे घेऊन.
ज्युनियरची मॅच संपली की
घाम पुसत आधी माझ्याकडे यायचा:
काका, बरा खेळलो ना?

आज सिनियरची जर्सी,
बाह्या कोपराच्या खाली.
पहिल्याच बॉलला मनमाडच्या स्टॉपरने
असा आडवा केला
की देवळालीकडून आलेली मालगाडी अख्खी गेली
तरी उठेना.
मग उठला. माती थुंकला.

मी अडतिसाचा. सातपूरला दुसरी पाळी,
गुडघ्याला क्रेप बँडेज.
बॉल पायात धरून उभा होतो,
दमलोय हे लपवायला
विचार करतोय असं दाखवत.

तेवढ्यात उजवीकडच्या मोकळ्या जागेतून
कुणीतरी ओरडलं,
"भास्कर! सोड!"

काका नाही.
भास्कर.
मला कळायच्या आत
बॉल गेलासुद्धा माझ्या पायातून.

त्याने मारला तो
बारच्या हातभर वरून,
थेट बाभळीत.

"काका, चुकून निघालं नाव,"
तो धापा टाकत मागून म्हणाला.

मी ऐकलं नाही.
काटे बाजूला सारत
बॉल शोधत होतो.