तारण

फॉर्मात एक रकाना आहे: स्थावर मालमत्ता.
मी लिहिलं, राजवाडा एक.
अठरा फूट बाय बारा. खांब आठ,
त्यातला डावीकडून दुसरा उंदरांनी खाल्लेला.
जंगल एक, त्यात तळं, तळ्यात चंद्र.
रस्ता एक. त्यावरून आजवर कुणी कुठं पोचलेलं नाही.
तुरुंग दोन. तुरुंगाला मागणी जास्त.

नंदगडच्या शाखेत पंखा फिरालता.
हिरेमठ मॅडम चष्मा वर सारून म्हणाल्या,
"इदु एनु, भागीरथी? सर्व्हे नंबर कुठाय?"
सर्व्हे नंबर नाही मॅडम, घडी हाय.
घडी घातली की राजवाडा ट्रंकेत मावतोय.

तारण म्हणजे जे बुडू देत नाही ते,
असं शाळेत शिकलेले.
बँकेत तारण म्हणजे
आपण बुडालो तर विकता येतं ते.

योजनेचं नाव लांबलचक. त्यात संस्कृती हा शब्द होता
आणि त्याला खेटूनच वाढ.
मॅडम चांगल्या. म्हणाल्या, फ्लेक्सचं मशीन घे,
उद्या मंजूर करते.
राजवाडा अर्ध्या तासात छापून येतो, पाहिजे तेवढा मोठा.

येतो की.
पण फ्लेक्सवर हॅलोजन पडला की ते चमकतं.
राणी रडायला लागते, आणि तिच्या मागं
सगळ्या गावाला दिव्याचा गोळा दिसतो.
बाबांचा रंग उजेड पिऊन टाकायचा.
भरमाण्णा पेंटर. दारू प्यायचे नाहीत, उजेड प्यायचे,
असं गुंजीचे लोक अजून म्हणतात.

हलशीला मराठी राजा, कक्केरीला कन्नड राजा,
राजवाडा हाच.
आज कुठल्या भाषेत मरायचंय,
हे त्यानं कधी विचारलं नाही.

भाड्याचे दोन हजार येतात, मॅडम म्हणाल्या,
यात धंदा कुठं?
ज्या साली गुंजीचा खेळ मोडला
त्या साली इराप्पा शिंप्यानं जरीचं एक रीळ उघडलं नाही.
बडिगेर मास्तरांनी पेटीवर गोधडी टाकली.
जनरेटरवाल्यानं जनरेटर
गोव्याच्या कुणा लग्नवाल्याला देऊन टाकला.
अनसूयाबाईंचा फोन, एसटीचं तिकीट काढू की नको?
आणि पहाटे चारला भजी तळणारी गोदाक्का
मला बाजारात गाठून विचारती,
राजवाडा आजारी हाय काय गं?

हे कुठल्या रकान्यात लिहू?
मी फॉर्मच्या पाठीमागं लिहिलं.

शेवटचा रकाना: पाच वर्षांत अपेक्षित वाढ.
मांजरपाटाला चिंचोक्याची खळ दिली की
कापड आधी आक्रसतं.
अठरा फुटाचं सतरा होतं.
घाईनं त्यावर रंग मारला तर पहिल्याच जत्रेत
खांबाचे पोपडे प्रधानाच्या डोक्यावर.
तीन उन्हं द्यायची, ताणायचं, परत खळ.
मग ते पन्नास वर्षं राजाला उभं धरतं.
म्हणून पहिल्या वर्षी मी लिहिलं, उणे एक फूट.

मॅडम हसल्या नाहीत.
नियमाप्रमाणे जागेची पाहणी करावी लागेल, म्हणाल्या.

गुरुवारी आल्या. स्कूटर लांब लावली.
परड्यातल्या फणसाला दोर बांधून आम्ही राजवाडा सोडला,
मी आणि शेजारचा ज्योतिबा.
वारा होता. सिंहासन थोडं श्वास घेतल्यासारखं करालतं.
मॅडम पाच पावलं मागं गेल्या, आणखी दोन,
म्हशीच्या दावणीपर्यंत.
बोटानं खांब मोजले. वहीत कन्नडात काहीतरी लिहिलं,
मला एवढंच लागलं: एळु. म्हणजे सात.
मग खोडलं. एंटु. पुढं कंसात दुरुस्ती.

फाईल बेळगावला गेली आहे.
महिना होऊन गेला.
साहेब नवीन आहेत म्हणे, राजवाडा बघून
फोनवर दोनदा विचारलं, हा बांधकामात हाय काय?

मी चिंचोके भिजत घातलेत.