खुळखुळू नये म्हणून

खिडकी क्रमांक सात. वर पाटी नाही.
पाटी आम्हीच काढली, एकानं सांगितल्यावर:
"साहेब, पाटी वाचनारे लय हायत इथं,
बिमारी समजनारे कमी."
तेव्हापासून नुसता सात.

गुरुवारी मी गोळ्या मोजतो.
दिल्या तीस, उरल्या किती,
त्यावरून महिना कसा गेला ते कळतं.
दोन उरल्या: लग्नाला मुक्काम पडला असेल.
अकरा उरल्या: कवडू मिरची तोडायला तेलंगणात,
ठेकेदाराच्या एका खोलीत चौदा जण,
डबी काढायची कुणासमोर?

झरीकडच्या डोंगरातल्या एका गावात सहा जण.
वर्षभर एकमेकांचं एकमेकांना ठाऊक नव्हतं.
सहा वेगळ्या दिवशी, सहा वेगळ्या थापा मारून
वणीला यायचे, सहा मजुऱ्या बुडवून.
मग एकदा समोरच्या बाकावर
दोघींनी एकमेकींना पाहिलं.
मी शिक्का मारता मारता थांबलो.
पंचफुला म्हणाली, "तू बी काय वं?"
दुसरी काहीच बोलली नाही,
थोडी सरकली, जागा दिली.

आता महिन्याला एकच जण येतो,
सहाही डब्या घेऊन, पाळीपाळीनं.
हे कार्यालयाला पटवायला मला तीन पत्रं लागली.
त्यांना बाकावरची वीतभर जागा पुरली.

पंचफुलाला वाचता येत नाही.
एका झाकणावर नेलपॉलिशचा ठिपका,
एकाला लाल दोरा, एकावर पोरानं चिकटवलेलं विमान.
दातांचे वण असलेली शेषरावची:
बोटं वाकडी झालीत त्याची,
झाकण फिरत नाही, तो चावून उघडतो.

या गुरुवारी एस.टी. बंद.
चार वाजता पाहिलं तर रजिस्टरमध्ये
सहा रकाने कोरे, एकाखाली एक.
एक माणूस आला नाही
म्हणजे सहा माणसं आली नाहीत.
हा हिशोब कुठल्याच पत्रात मी मांडला नव्हता.
लाल पेन काढला. पाच वाजले. तसाच धरून बसलो.

साडेपाचला ती आली.
कापसाच्या मेटॅडोरमध्ये गंजीवर बसून जिनिंगपर्यंत,
तिथून पायी.
केसांत कापूस, भुवयांवर कापूस.
"नोंद करून टाकली काय जी?"
पेनाला टोपण लावलं.

जुन्या डब्या मोजल्या, नव्या दिल्या.
मग तिनं जे केलं
ते कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत:
अंगावरचा कापूस वेचला, सहा बोळे वळले,
प्रत्येक डबीत वरून एक दाबून बसवला.
नारळ पाहतात तशी
एकेक डबी कानाशी हलवून पाहिली.

"डायवर म्हने, बाई, थैलीत काय खुळखुळते?
म्या सांगतलं, चिंचोके."
"आणि जाताना?"
"जातानी काय वाजते आता?"

निघता निघता वळली.
"तीन महिन्याच्या देऊन टाका ना एकदम.
बारा खेपा चार होतील."
तीन महिन्यांचा आदेश भिंतीवर लावलेला आहे.
कपाटात साठा तीन आठवड्यांचा.
"बघतो," म्हणालो.
हा शब्द मी गोळ्यांहून जास्त वाटला आहे.

रात्री नऊला, मालिकेच्या जाहिराती लागल्या की
सहा घरांत कुणी मोरीत जाईल, कुणी गोठ्यात,
बोळा काढेल, गोळी घेईल, बोळा परत लावेल.
जेवताना घड्याळाकडे लक्ष गेलं माझं.
शेषरावच्या डबीचं झाकण
मी सैल ठेवलं की घट्ट लावलं,
काही केल्या आठवेना.