सातचा पाढा

माझगाव, चौथा मजला. गॅलरीपासून
पाण्याच्या टाकीपर्यंत ताणलेली तांब्याची तार
आणि साबणाच्या डबीत बसवलेला पाच वॉटचा ट्रान्समीटर.
मी त्याला फक्त सात सांगितलं होतं.
सात मेगाहर्ट्झ, बाकी काही नाही.
पण हुशारी दाखवणाऱ्या पोरासारखा तो थांबेचना:
सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस,
आवाज उतरत गेला तरी म्हणतच राहिला
आणि सात नव्वे त्रेसष्टला
शेजारच्या डाबऱ्यांच्या टीव्हीत शिरला.

फिलोमिनाबाई दारात. हाताला पीठ.
"तुझं ते कट्ट-कड-कट्ट सुरू झालं की
बातम्या देणारीच्या तोंडावर पट्ट्या येतात."

शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून तीन लाल कड्या आणल्या,
करंगळीतही न जाणाऱ्या.
तार आतून गेली की एक वेढा.
एकोणिसाव्याला कुकरची शिट्टी झाली,
पुन्हा एकपासून.
टोकं ब्लेडने खरवडली, चार कपॅसिटर डाखले.
तीन नि चार, इथेही सातच.
आता सात जातं, चौदा उंबऱ्यात अडतं.
अगदी नाहीसं होत नाही,
पण इतकं खाली बसतं
की कुणाच्या घरात पाऊल टाकत नाही.

आठवड्याने बाई पुन्हा. हात कोरडे.
"पट्ट्या गेल्या," म्हणाल्या, "आणि हे रुसले."

हे म्हणजे आंद्रू डाबरे,
बत्तीस वर्षं जहाजांवर रेडिओ ऑफिसर,
दीड वर्ष खाटेवर. अर्धं अंग गेलं, वाचा सगळी.
रोज साडेसातला ते पट्ट्या वाचायचे.
एक रुंद, एक अरुंद.
माझी सगळी बडबड:
नागपूरच्या मुळगुंदांच्या दम्याला सुचवलेला अडुळसा,
बदलीचा अर्ज, जो मी घरातही बोललो नव्हतो.

फिल्टर काढला नाही. नियम तो नियम,
आणि खालच्या मजल्यांवरही टीव्ही आहेत.
खिडकीतून दुपदरी वायर सोडली,
जुना हेडफोन त्यांच्या उशाशी दिला.

काल रात्री मी बटण बंद करणार, तोच
भिंतीपलीकडे खाटेच्या लोखंडावर चमचा फिरला.
ओरखडा म्हणजे लांब, ठोका म्हणजे आखूड:
दोन लांब, तीन आखूड.
तीन आखूड, दोन लांब.
सात, तीन.
निरोप घेताना आम्ही त्र्याहत्तर म्हणतो.

सातच्या पाढ्यात तो आकडा येत नाही.