लोहार अंगात येईपर्यंत

बावीस वर्षं मी लाल फितीची पोर होते.
कोकुरा स्टेशनामागे, पाचिंकोच्या शेजारचा जिना चढून,
तिसऱ्या मशीनवर, डावीकडच्या स्टुलावर.
उडी, लाथ, उडी, पुन्हा लाथ,
समोरच्याला श्वास घ्यायची उसंत नाही.
माझं सगळं शहाणपण तेवढंच.

मग डाव्या मनगटाने संप पुकारला.
डॉक्टर म्हणाला, जरा हळू.
मी विचारलं, किती हळू?
तो हसला. त्याला वाटलं,
मी कारखान्यातल्या डब्यांच्या झाकणांबद्दल बोलतेय.

म्हणून लोहार.
त्याला कुणी घेत नाही.
चालतो असा, जणू पायाखाली ओलं सिमेंट आहे.
उडी मारली तर उतरेपर्यंत चहा होतो.
लाथ आखूड, हात आखूड, दाढीच काय ती लांब.
एकच गुण:
धरलं की सोडत नाही.

पण धरायचं म्हणजे दांडा गर्रकन फिरवायचा,
बाराला निघून बारालाच परत,
घड्याळाचा अख्खा फेरा एका पापणीत,
आणि लगेच बटण.
माझा काटा नवावर अडकायचा.
लोहार मग जागच्या जागी उडी मारायचा,
लग्नात चुकून नाचायला उभ्या राहिलेल्या काकासारखा,
आणि वरच्या वर लाथ खाऊन खाली.

पहिल्या आठवड्यात एकोणचाळीस नाणी गेली.
दोनदा जिंकले.
त्यातलं एकदा, समोरच्या पोराचा फोन वाजला म्हणून.

बोटांना कोण समजावणार?
घर बदललं तरी पाय जुन्याच गल्लीत वळतात.
धोका दिसला की अंगठ्याआधी मन उडी मारतं,
आणि लोहाराला उडी म्हणजे
विहिरीत दगड.

मुनेताकासान खेळत नाहीत.
यावाताच्या पोलाद कारखान्यात एकतीस वर्षं क्रेन चालवली,
आता इथे येऊन बसतात, हीटर चांगला आहे म्हणून,
कॉफीचा डबा दोन्ही तळव्यांत धरून.
एकदा मागूनच म्हणाले,
"दांडा पिळू नकोस, बाई.
लोखंड उचललं की झुलतं.
त्याच्याशी भांडायचं नाही.
झुलणं संपतं. मग उतरवायचं."
एवढं बोलून पुन्हा कॉफीत.

तेव्हापासून मी वाट बघायला शिकतेय.
एक पाऊल. अडव. अर्धं पाऊल. अडव.
मार खाणं हीसुद्धा चाल असते,
हे लिहिलेलं कुठे सापडत नाही.
गेलेली लाथ माघारी जाते,
तेव्हा एक फट पडते:
सेकंदाचे साठ तुकडे केले
तर त्यातले तीन, फार तर चार.
आधी मला ती दिसायची नाही. मग दिसायची, पण उशिरा.
मग एका मंगळवारी हात आत गेला
आणि मला कळलं तेव्हा
समोरचा पैलवान चितपट होता.
मुनेताकासान डुलक्या घेत होते. कुणीच बघितलं नाही.

शुक्रवारी मशीनच्या पलीकडे कुणीतरी बसलं.
इथे समोरचा दिसत नाही,
मध्ये दोन पडदे पाठीला पाठ लावून.
नाणं पडलं. लाल फीत आली.
उडी, लाथ, उडी,
अगदी तस्सं. तीच घाई, तोच उर्मटपणा,
तिसऱ्या लाथेनंतर तोच
गिळलेला आवंढा.

बावीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही
की मी घाबरले की उडी मारते.

ती उडाली. मी थांबले.
उतरण्याच्या जागी लोहार उभा होता,
बारा ते बारा,
आणि तिची फीत जमिनीला टेकली.

पुढच्या दोन्ही फेऱ्या मात्र हरले, ते सांगायला हवं.
मनगट ठणकत होतं. आणि एकदा तर
तिला धरायचं सोडून नुसती बघत राहिले.

पलीकडून एक डोकं वर आलं,
शाळेचा गणवेश, दातांना तारा.
लोहार खेळणारा दांडगा बाप्या शोधत
नजर माझ्यावरून दोनदा गेली,
तिसऱ्यांदा थांबली.
ती काही बोलली नाही. खाली बसली.

मी मनगटाची पट्टी घट्ट करत होते,
तेवढ्यात पलीकडे नाणं वाजलं.