दीड इंच

उद्यमनगरात तवनाप्पा काकांनी
सळई वाकवून रिंग केली,
शेडमागच्या खांबाला डागून टाकली.
माप अंदाजपंचे.
"बॉल गेला म्हंजे झालं की."

गल्लीत सगळे फुटबॉलवाले.
पेठांची मॅच असली की अख्खी गल्ली स्टेडियमात,
मागं मी, चेंडू
आणि लोखंडाचा खणखणाट.
आई म्हणायची, एवढी उंची
तालमीत तरी घाल.

पुढं भिलाई, लुधियाना, चेन्नई.
आधी रेल्वेची नोकरी, मग ती सोडून लीगचा करार.
पाठीवर चौगुले, खाली अकरा.
पहिल्या रात्री काचेचा बोर्ड, डोळ्यांत दिवे,
आणि रिंग केवढी!
विहिरीत खडा टाकावा
तसं टाकेन ते आत.
पेपरात आलं : उपजत नेम.
कात्रण काकांनी लेथवर चिकटवलं, तेलाच्या बोटांनी.

लीग दुसऱ्याच वर्षी बंद पडली.
तीन हप्ते अजून यायचेत.
गुडघा आता जिना उतरताना
आधी कठड्याला विचारतो.

परवा टेप घेऊन गेलो.
काका नाहीत. शेड भाड्यानं दिलीय,
रिंगेवर कुणाचा तरी टॉवेल वाळत.
शिडीवर चढून मोजली :
साडेसोळा.

खालून एक पोरगं, बगलेत चेंडू,
"काय मोजायलाय ओ?"

टॉवेल काढला. चेंडू मागून घेतला.
कडेवर दोनदा वाजला,
बाहेर आला.

"लहान हाय ती," पोरगं म्हणालं,
"कापून मोठी करणार हाय मालक."

नको म्हणावं,
राहू दे.